आई गच्चीवरच झोपते म्हणतेय, काय करू?

गिरणाकाठ | २१ एप्रिल, रात्री ११:१०

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात पंधरा दिवस त्यावरून कुरबुर चालू आहे.

आम्ही जळगावात. दोन मजली घर, वर गच्ची. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरतात. मागच्या वर्षी तिच्या खोलीत एसी बसवला, हप्ते अजून फिटायचे आहेत. आणि एप्रिल लागला तशी बाई रोज रात्री दहाला गोधडी, उशी, पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीवर. बावीस पायऱ्या. शेवटच्या सहा लोखंडी, अरुंद, त्यांना कठडा नाही. पहाटे पाचला एकटीच उतरते, तेव्हा आम्ही सगळे घोरत असतो.

एसीत झोप म्हटलं तर म्हणते, "फ्रीजमा भाजी ठेवतस, मानूस नही."

परवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी आल्या. वाटलं, आता तरी समजावतील. त्याही गोधड्या घेऊन वर. तिघी गच्चीवर हसत बसल्या आणि मी एसीत छताकडे बघत. पडली-बिडली तर धावायचं मलाच आहे ना! कोणाच्या घरात हा तिढा सुटलाय का?

---

शेवभाजी_कमी_तिखट | २१ एप्रिल, रात्री ११:२४

तुम्ही पण जा की वर. सुटला तिढा.

---

गिरणाकाठ | २१ एप्रिल, रात्री ११:३१

मला सकाळी सहाची पाळी असते हो. आणि डास.

---

पुण्यात_अडकलेला | २२ एप्रिल, सकाळी ८:०२

काय आठवण काढलीत दादा. चोपडा तालुक्यातलं आमचं आजोळ धाब्याचं. छताला खाली लाकडी सर, त्यावर फळ्या आणि वर हातभर पांढरी माती. भर मे महिन्यात दुपारी आत शिरलं की डोळ्यांना अंधारी यायची आणि अंगाला गार लागायचं. संध्याकाळी धाब्यावर पाणी शिंपडायचं, त्या मातीचा वास सुटला की आम्ही पोरं जागा धरायला पळायचो. मामाची जागा ठरलेली, पश्चिमेच्या कडेला. वारं पहिलं त्याला लागायचं. नंतर उरलंसुरलं आम्हाला.

झोपल्याझोपल्या सप्तर्षी डोक्यावर. दहानंतर आग्नेयेकडून विंचू वर यायचा, तो पूर्ण दिसेपर्यंत जागायचं अशी पैज लागायची. आजपर्यंत कोणी जिंकलेलं नाही.

इथे पुण्यात सोसायटीच्या गच्चीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरीकडे.

---

तापीची_लेक | २२ एप्रिल, सकाळी ९:४०

@पुण्यात_अडकलेला, छान लिहिलंय. फक्त एक विचारते. धाब्यावर पाणी शिंपडायला बादल्या वर कोण नेत होतं? आठ माणसांच्या गोधड्या सकाळी घड्या घालून खाली कोण आणत होतं? आमच्या घरी आई आणि काकू. सगळ्यांच्या शेवटी वर यायच्या आणि सगळ्यांच्या आधी खाली. सप्तर्षी बघायला त्यांना सवड नव्हती, पाठ टेकली की झोप.

गच्चीच्या आठवणी पुरुषांच्या जास्त गोड असतात असं माझं निरीक्षण आहे.

---

पुण्यात_अडकलेला | २२ एप्रिल, सकाळी ९:५८

मान्य. मामी बादल्या न्यायची. आत्ता लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं.

---

कूलरपंथी | २२ एप्रिल, दुपारी १२:१५

एसी आणि गच्ची यांच्या मध्ये कूलर नावाची वस्तू असते, हे धाग्यात कोणालाच कसं आठवलं नाही? खान्देशात कूलरसारखं सुख नाही. इथली हवा कोरडी ठणठणीत. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. मुंबईत हाच कूलर लावा, घामानं चिकट व्हाल.

पण लोक कूलर खोलीच्या मध्यात ठेवतात, दारं-खिडक्या लावून घेतात आणि मग म्हणतात गार होत नाही. अरे बाबा, पाठ खिडकीबाहेर पाहिजे आणि समोरचं एखादं दार किलकिलं पाहिजे. ओली हवा बाहेर जाणार कुठून?

दुसरं म्हणजे बोअरचं पाणी. आमच्याकडे महिन्याभरात गवतावर पांढरा थर चढतो, पंप धापा टाकायला लागतो. मी एप्रिलच्या पहिल्या रविवारी पाती बदलतो, जुनं गवत काढून नवं भरतो, थोडा वाळा घालतो. बायको म्हणते, गणपती बसवताना एवढी तयारी करत नाहीस.

---

शेवभाजी_कमी_तिखट | २२ एप्रिल, दुपारी १२:२२

वहिनींना +१.

---

सातपुड्याची_सावली | २२ एप्रिल, दुपारी १:०५

कूलरवाल्या दादांनी एक सांगितलं नाही. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून कोरडं करायचं. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. मी नर्स आहे, म्हणून आधी हेच दिसतं.

आणि पाऊस पडला की कूलरचं सुख संपतं. जूनमध्ये तोच कूलर घरात दमट वाफा सोडतो.

@गिरणाकाठ, आई रात्री बाथरूमला उठतात का? आणि बीपीची गोळी चालू आहे का?

---

गिरणाकाठ | २२ एप्रिल, दुपारी २:४८

उठते एकदा. बाथरूम खाली. म्हणजे रोज रात्री त्या सहा लोखंडी पायऱ्या अंधारात उतरते-चढते. हे मी आज तिला विचारलं तेव्हा कळलं. बीपीची गोळी आहे, लघवी जास्त होते ती.

---

सातपुड्याची_सावली | २२ एप्रिल, दुपारी ३:१०

मग एसी-गच्ची वाद बाजूला ठेवा, आधी कठडा. आजच. आमच्या वॉर्डात उन्हाळ्यात येणारी म्हातारी माणसं दोन प्रकारची, ऊन लागलेली आणि रात्री पडलेली. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं घर बदलतं. माणूस हललं की लागणारा दिवा बसवा, फार महाग नसतो. आणि त्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. ती अंगातलं पाणी कमी करते, उन्हाळ्यात काही जणांचा डोस बदलावा लागतो. आपल्या मनानं बंद करू नका मात्र.

बाकी रोजचं सगळ्यांना माहीत आहेच, तरी सांगते. तहान लागायची वाट बघू नका, वय झालं की तहान कमी लागते. एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंग तापलंय, बोलणं असंबद्ध होतंय असं दिसलं तर कांदा हुंगवत बसू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि थेट दवाखाना.

---

बागायती_रुमाल | २२ एप्रिल, दुपारी ३:३५

कांद्याला नावं ठेवायचं काम नाही. आमचे आबा ८८ वर्षांचे होऊन गेले, खिशात कांदा असल्याशिवाय चैत्र-वैशाखात शेतात पाय ठेवला नाही.

---

सातपुड्याची_सावली | २२ एप्रिल, दुपारी ३:५०

आबा डोक्याला रुमाल बांधत होते का? दुपारी १२ ते ४ लिंबाखाली झोपत होते का?

---

बागायती_रुमाल | २२ एप्रिल, दुपारी ३:५२

हो.

---

सातपुड्याची_सावली | २२ एप्रिल, दुपारी ३:५३

🙂

---

भुसावळ_जंक्शन | २२ एप्रिल, रात्री ९:२०

जळगाववाल्यांनी उन्हाळ्याचे धागे काढू नयेत. तुमच्याकडे झळा येतात, आमच्याकडे राहतात. आज गाडीच्या मीटरवर ४८ दाखवलं.

---

धुळे_तिथे_खुळे | २२ एप्रिल, रात्री ९:३४

गाडी उन्हात उभी होती ना? मग ते गाडीचं तापमान आहे, भुसावळचं नाही.

---

भुसावळ_जंक्शन | २२ एप्रिल, रात्री ९:४१

पांझरेच्या काठावर बसून बोलायला काय जातं.

---

रिकामटेकडा_मास्तर | २३ एप्रिल, सकाळी ७:१५

निवृत्त भूगोल शिक्षक आहे, राहवत नाही. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून उंचावर असतो. त्यामुळे पेपरात ४४ आलं तर डांबरी रस्त्यावर त्याहून कितीतरी जास्त असणारच, दोघंही खरे. खात्याच्या हिशेबात मैदानी भागात ४५ गाठलं की उष्णतेची लाट आणि ४७ गेलं की तीव्र लाट. सरासरीहून साडेचारनं वर गेलं तरी लाट, पण पारा किमान ४० पाहिजे.

आपण एवढे का तापतो? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग, मध्ये तापीचं खोरं म्हणजे कढई. समुद्र लांब. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, जळगाव जेमतेम २००. शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. मुलांना दाखवा. मी दरवर्षी शाळेच्या पटांगणात काठी रोवायचो. पोरं काठी सोडून कुल्फीवाल्याकडे बघायची.

---

शेवभाजी_कमी_तिखट | २३ एप्रिल, सकाळी ७:४०

सर, पाया पडतो. पण धागा आजीच्या गुडघ्यांचा होता.

---

रावेरची_केळी | २५ एप्रिल, रात्री १०:५५

उशिरा आलो. तुम्हा लोकांना गच्चीवर वारं सुटलं की झोप लागते. मला वारं सुटलं की झोप उडते.

मागच्या पावसाळ्यात लावलेली केळीची मृगबाग आता घडावर आहे. एकेका झाडाला वीस-पंचवीस किलोचं ओझं, आणि झाड म्हणजे काय, नुसती पाण्यानं भरलेली सालपटं. मे सरत आला की दुपारी उकडतं, संध्याकाळी पश्चिमेला काळं दिसतं आणि अर्ध्या तासाच्या वादळात वर्षाचं पीक आडवं. दोन वर्षांपूर्वी माझी अर्धी बाग अशीच झोपली. सकाळी जाऊन बघितलं तर सगळी झाडं एकाच दिशेला, कोणी हुकूम दिल्यासारखी. विमा होता. पण वारं मोजायचं यंत्र महसूल मंडळात जिथं बसवलंय तिथं म्हणे तेवढं वारं नव्हतं. माझ्या शेतात होतं हे मी कोणत्या यंत्रानं दाखवू?

आता एप्रिलच्या झळांचं बघतोय. पश्चिमेला वारा अडवायला शेवरीची झाडं लावलीत, घडांना वाळल्या पानांची पेंडी बांधलीय. रोज सकाळी बऱ्हाणपूरचा भाव बघायचा आणि रोज रात्री आकाश.

माझी माय पण बाहेरच झोपते, खळ्यात बाजेवर. मी बाजूला. दोघं जागेच. ती म्हणते, "झोप ना भो, तू जागा राह्यल्यानं वारं थांबतं का?" आणि स्वतः जागीच.

---

तापीची_लेक | २५ एप्रिल, रात्री ११:०६

भाऊ, यावर काय लिहावं कळत नाही. तुमची बाग उभी राहो.

---

कूलरपंथी | २६ एप्रिल, सकाळी ८:३०

रावेरचे भाऊ, शेवरीच्या जागी गजराज गवत लावलेलं पाहिलंय फैजपूरकडे. कोणतं बरं?

---

रावेरची_केळी | २६ एप्रिल, रात्री ९:१२

गवत लवकर दाट होतं पण पाणी पितं. ज्याच्या विहिरीला पाणी त्यानं लावावं. मी शेवरीवाला.

---

आखाजीची_पाहुणी | २७ एप्रिल, दुपारी ४:४५

थोडं अवांतर. आखाजीला माहेरी पारोळ्याला गेले होते. खापरावरचे मांडे, आमरस, घागरीवर डांगर (खरबूज), सगळं साग्रसंगीत. लिंबाला झोका मात्र बांधला नव्हता, भाऊ म्हणाला फांदी मजबूत नाही. मग पत्ते खेळायला त्याचे मित्र आले आणि त्याच लिंबाच्या फांदीला बल्ब टांगून रात्री दोनपर्यंत बसले. फांदी तेव्हा बरी मजबूत होती.

खरी अडचण वेगळी. या वर्षी बिबड्या करायच्या आहेत. ज्वारी तीन दिवस भिजवून, दळून, शिजवून, ओल्या धोतरावर थापायच्या इथपर्यंत माहीत आहे. तीळ घालायचे की नाही? सासू म्हणते हो, आई म्हणते मुळीच नाही.

---

तापीची_लेक | २७ एप्रिल, संध्याकाळी ५:१०

तीळ आणि लसूण दोन्ही. वाळल्यावर कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारा, म्हणजे अलगद सुटतात. आणि राखणीला पोरं बसवली तर निम्म्या ओल्याच संपतात, कच्च्या शेंगदाणा तेलाबरोबर. त्यासाठीच करायच्या असतात खरं तर.

---

बागायती_रुमाल | २७ एप्रिल, संध्याकाळी ५:३२

तीळ घातलेल्या बिबड्या म्हणजे फॅशन. आईचं ऐका.

---

आखाजीची_पाहुणी | २७ एप्रिल, संध्याकाळी ५:४०

राहते सासूकडे, दादा. तीळ घालते.

---

गिरणाकाठ | ३ मे, रात्री ११:५०

अपडेट. कठडा बसवला, लोखंडी पाइपचा. दिवा बसवला, मांजर गेली तरी लागतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. नर्सताई, तुमचे आभार कसे मानू.

कठडा झाला म्हणजे माझी बाजू संपली असं घरात सगळ्यांनी ठरवलं. म्हणून काल मीही वर गेलो, रविवारची सुट्टी आहे म्हणून. स्लॅब रात्री अकरापर्यंत तव्यासारखा, सतरंजी टाकली तरी पाठ शेकत होती. मग वारं सुटलं. मी डोळे मिटून पडलो.

आई आणि शेजारच्या गच्चीवरच्या काकू गच्चीच्या कठड्याशी बसून बोलत होत्या. त्या अमळनेरकडच्या, आई पारोळ्याकडची.

"जेवन व्हयनं का व माय?"
"व्हयनं ना. आज खिचडी खादी. तुन्हं?"

असं अर्धा-पाऊण तास. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या शेताचं, १९७२ च्या दुष्काळात मामांनी काय केलं त्याचं. अहिराणी, सलग, एकही शब्द न बदलता. मी इतकं सलग तिच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना. घरात बायको कोल्हापूरची, मुलं इंग्रजी शाळेत, मला कळते पण मी उत्तर मराठीत देतो. ती आमच्याशी बोलताना दिवसभर शब्द बदलून बोलते, हे मला काल कळलं. एखादं वाक्य चुकून निसटतं तेवढंच, ते फ्रीजमधल्या भाजीसारखं.

तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती, वर वारं लागतं म्हणून जाते.

---

सातपुड्याची_सावली | ४ मे, सकाळी ६:२०

काकूंच्या बाजूला कठडा आहे का पायऱ्यांना?

---

गिरणाकाठ | ४ मे, सकाळी ६:३५

नाही. काल त्यांच्या मुलाशी बोललो. आमचाच फॅब्रिकेटर जाणार आहे.

---

पुण्यात_अडकलेला | ४ मे, सकाळी ९:००

मुलीला काल "अठे ये" म्हटलं. तिनं विचारलं, बाबा, बरं आहे ना?

---

धुळे_तिथे_खुळे | ४ मे, सकाळी ९:१८

बोला मंडळी बोला. धुळ्यात अजून रिक्षावाल्याशी घासाघीस अहिराणीतच होते. मराठीत विचारलं की दहा रुपये जास्त.

---

रिकामटेकडा_मास्तर | ४ मे, सकाळी १०:०५

मी वर्गात अहिराणी बोलणाऱ्या पोरांना "शुद्ध बोला" म्हणायचो. बत्तीस वर्षं. आणि घरी येऊन आईशी अहिराणीतच बोलायचो.

---

शेवभाजी_कमी_तिखट | ४ मे, सकाळी १०:११

सर, आम्ही तुमच्या पाठीमागे अहिराणीतच बोलायचो.

---

रिकामटेकडा_मास्तर | ४ मे, सकाळी १०:१४

ते मला ऐकू यायचं.

---

कूलरपंथी | १९ मे, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. आज पंप जळाला. संपूर्ण बाजारात त्या मापाचा पंप नाही. घरातले सगळे माझ्याकडे बघतायत. गच्चीवर चाललोय.

---

भुसावळ_जंक्शन | १९ मे, रात्री १०:३३

या, जागा धरून ठेवली आहे.

---

रावेरची_केळी | ४ जून, सकाळी ६:०५

रात्री वादळ झालं आमच्याकडे. बाग उभी आहे. कडेची चाळीसेक झाडं गेली, बाकी उभी. शेवरीनं धरलं. माय आत्ता झोपलीय.

---

तापीची_लेक | ४ जून, सकाळी ६:१२

वाचून बरं वाटलं भाऊ!

---

गिरणाकाठ | ४ जून, सकाळी ७:२५

आमच्याकडेही तोच पाऊस, रात्री दोनला. आता आम्ही चौघंही गच्चीवर असतो, मुलं हट्टानं येतात. टपोरे थेंब पडायला लागले. मी गोधड्या गोळा करतोय, बायको मुलांना उठवतेय, धाकटा चप्पल शोधतोय. पलीकडून काकू ओरडतायत, "पानी ऊना! पानी ऊना!" मला आधी आईची काळजी, ओल्या लोखंडी पायऱ्या. मागे वळून बघतो तर तिची जागा रिकामी. खाली धावलो. आई ओट्यावर कोरडी बसलेली, तांब्या आणि उशीसकट. सगळ्यांच्या आधी उतरली होती.

म्हणाली, "तुम्हले इतला येळ काब्र लागना?"

---

सातपुड्याची_सावली | ४ जून, सकाळी ७:३१

कठडा धरून उतरल्या ना?

---

गिरणाकाठ | ४ जून, सकाळी ७:३४

विचारलं. म्हणाली, एका हातात तांब्या, एका हातात उशी, कठडा कशानं धरू?

---

आखाजीची_पाहुणी | ४ जून, सकाळी ८:१०

गच्चीचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या बिबड्या गच्चीवर होत्या. तिळासकट.